पैशांची पुस्तकं: आधी कुठलं, मग कुठलं आणि कुठली पानं सोडायची

क्रेडिट कार्डाची थकबाकी डोक्यावर असताना शेअर निवडायला शिकवणारं पुस्तक उघडू नका. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज चढत असेल, तर वर्षाला ते 42 टक्क्यांच्या घरात जातं. तेवढा परतावा मिळवून द्यायची ताकद कुठल्याच पुस्तकात नाही. आधी थकबाकी फेडा, मग खालच्या क्रमाने वाचायला बसा. यातलं प्रत्येक पुस्तक एकेक ठरावीक काम करून घ्यायला चांगलं आहे. ते काम हातावेगळं केल्याशिवाय पुढचं उघडलं, तर डोक्यात नुसती वाक्यं साठत जातात आणि खात्यात काहीच बदलत नाही.

पुस्तक घेताना सगळ्यात आधी आवृत्तीचं साल बघा. भारतीय पुस्तकातली करांची प्रकरणं फार लवकर शिळी होतात. शेअर आणि इक्विटी फंडांवरचा (शेअरमध्ये पैसे लावणारे म्युच्युअल फंड) दीर्घकालीन नफा एप्रिल 2018 पर्यंत करमुक्त होता. पुढे एक लाखावरच्या नफ्यावर 10 टक्के कर आला आणि 23 जुलै 2024 पासून सव्वा लाखावरच्या नफ्यावर तो साडेबारा टक्के झाला. 1 एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या डेट फंडांच्या (रोख्यांत पैसे लावणारे फंड) नफ्यावर तुमच्या उत्पन्नाच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. बँक ठेवींवरचं विमा संरक्षण फेब्रुवारी 2020 मध्ये एक लाखाचं पाच लाख झालं. नव्या करप्रणालीत 80सी ची, म्हणजे पीपीएफ, विमा वगैरेंत गुंतवलेल्या रकमेची, वजावटच मिळत नाही. त्यामुळे जुन्या पुस्तकातलं 'कर वाचवा' हे प्रकरण सरळ सोडून द्या. विचारांची प्रकरणं मात्र पन्नास वर्षांनीही चालतात.

पहिलं पुस्तक जॉर्ज क्लेसन यांचं 'द रिचेस्ट मॅन इन बॅबिलॉन', 1926 सालचं. दोन संध्याकाळी वाचून होतं. त्यातून एकच काम घ्यायचं: कमाईतला दहावा हिस्सा खर्चाच्या आधी बाजूला काढायचा, तोही बँकेला कायमची सूचना देऊन, म्हणजे दर महिन्याला आठवण ठेवावी लागत नाही. इथे घोळ होतो तो तारखेचा. पगार 1 तारखेला जमा होत असेल आणि हप्ताही 1 तारखेलाच लावला असेल, तर पगाराला एखादा दिवस उशीर झाला की हप्ता परत जातो आणि बँक दंड लावते. एसआयपी, म्हणजे फंडात दर महिन्याला जाणारा ठरावीक हप्ता, 6 किंवा 7 तारखेला ठेवा. पीपीएफचं (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) उलट आहे. तिथे व्याज 5 तारीख ते महिनाअखेर यांमधल्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात, म्हणून पैसे 5 तारखेच्या आत जायला हवेत. 6 तारखेला भरले तर त्या रकमेचं त्या महिन्याचं व्याज गेलं.

दुसरं, विकी रॉबिन आणि जो डॉमिंगेझ यांचं 'युअर मनी ऑर युअर लाइफ' (1992). यातला खऱ्या ताशी कमाईचा हिशोब कागदावर करायचाच. समजा हातात 48,000 रुपये येतात. महिन्याला 25 दिवस, रोज 9 तास काम, म्हणजे 225 तास. वरवर पाहता तासाला 213 रुपये झाले. आता डोंबिवली ते फोर्ट जाण्यायेण्याचे रोजचे 3 तास धरा: 75 तास वाढून एकूण 300. लोकलचा पास, रिक्षा, बाहेरचं जेवण, ऑफिसचे कपडे असे नोकरीपायी होणारे 6,000 रुपये वजा करा. उरले 42,000, म्हणजे तासाला 140. मग 28,000 चा फोन म्हणजे 200 तास, थोडक्यात घराबाहेरचे जवळपास 17 दिवस. हा आकडा पाकिटात ठेवा. जुन्या आवृत्तीतला अमेरिकी सरकारी रोख्यांचा भाग आपल्याला लागू नाही, तो सोडा.

तिसरं पुस्तक भारतीय आहे आणि यादीतलं एकच वाचायचं झालं तर हेच वाचावं: मोनिका हालन यांचं 'लेट्स टॉक मनी' (2018). कमाई, खर्च आणि गुंतवणूक यांची खाती वेगळी करणं, अडीनडीचा पैसा, आरोग्य विमा, टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर घरच्यांना रक्कम देणारा) असा पाया त्यात नीट घातलेला आहे. करांचे आकडे तेवढे ताजे करून घ्या. पुस्तक संपलं की घरातल्या सगळ्या विमा पॉलिसी कपाटातून बाहेर काढा, कारण मराठी मध्यमवर्गीय घरात सगळ्यात जास्त पैसा इथेच निजलेला असतो.

तपासणी अशी. वर्षाला 50,000 हप्ता, 20 वर्षं, शेवटी 16 लाख 40 हजार मिळणार, असं धरू. एक्सेलमध्ये एकाखाली एक 20 घरांत उणे 50000 लिहा आणि एकविसाव्या घरात 1640000. त्याखाली आयआरआर (IRR) हे वार्षिक परतावा काढणारं सूत्र लावा. उत्तर येतं साधारण साडेचार टक्के. विकताना मात्र 'दहा लाखांचे सोळा लाख' असं सांगितलेलं असतं. बोनसवाल्या पॉलिसीच्या कागदावर 4 आणि 8 टक्क्यांचे दोन रकाने दिसतात. ते टक्के कंपनीच्या गुंतवणुकीवर धरलेल्या परताव्याचे असतात. तुमच्या हातात खर्च वजा होऊन त्याहून कमी येतं, म्हणून 'किमान 4 टक्के तर नक्की' असा अर्थ काढू नका. हिशोबात हमी दिलेली रक्कमच धरा. आकडा वाईट आला म्हणून लगेच पॉलिसी मोडूही नका. आधी टर्म विमा घ्या आणि तो कागद हातात येऊ द्या. मग हप्ते थांबवून जुनी पॉलिसी पेड-अप ठेवायची (कमी रकमेवर मुदतीपर्यंत चालू) की सरेंडर करायची (मोडून पैसे घ्यायचे), याचे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवून तुलना करा. वय वाढलेलं किंवा मधुमेह निघालेला असेल, तर नवा विमा महाग पडतो, कधी मिळतही नाही. हा क्रम उलटा झाला की घर उघड्यावर पडतं.

यानंतर जॉन बोगल यांचं 'द लिटल बुक ऑफ कॉमन सेन्स इन्व्हेस्टिंग' (2007). सामान्य गुंतवणूकदारांसाठी 1976 मध्ये पहिला इंडेक्स फंड (निर्देशांकातलेच शेअर घेणारा फंड) आणणारा हा माणूस. मुद्दा एकच आहे: खर्च कमी ठेवा. त्यांची उदाहरणं अमेरिकी आहेत, पण आपल्याकडे 2013 पासून फंडांच्या डायरेक्ट योजना (एजंटच्या कमिशनशिवायच्या) मिळतात आणि गणित तेच लागू पडतं. महिना 10,000 ची एसआयपी 20 वर्षं केली आणि 12 टक्के परतावा धरला, तर जवळपास 99.9 लाख होतात. खर्चापोटी एक टक्का कमी होऊन 11 टक्के मिळाले, तर 87.4 लाख. साडेबारा लाखांचा फरक, आणि तो कुठल्याच बिलावर छापून येत नाही.

हे वाचून लोक उत्साहात रेग्युलर, म्हणजे कमिशनवाल्या, योजनेतलं सगळं एका दिवसात डायरेक्टमध्ये हलवतात. असं करू नका. कायद्याच्या दृष्टीने ती विक्रीच असते. एक्झिट लोड (लवकर पैसे काढल्याबद्दलची कपात) आणि भांडवली नफ्याचा कर दोन्ही लागू शकतात. नवी एसआयपी डायरेक्टमध्ये सुरू करा, जुनी थांबवा आणि जुन्यातली युनिटं एक वर्ष पूर्ण झाल्यावर दरवर्षी सव्वा लाखाच्या सवलतीत बसतील तेवढीच काढा.

मॉर्गन हाउसेल यांचं 'द सायकॉलॉजी ऑफ मनी' (2020) बाजार पडत असताना वाचायला ठेवा. तेव्हाच ते उपयोगी पडतं.

बेंजामिन ग्रॅहम यांचं 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर' (1949) सगळ्यांत शेवटी. जुन्या अमेरिकी कंपन्या आणि बाँडांच्या तक्त्यांत वाचक अडकतात आणि पुस्तक बाजूला पडतं. आधी बाजाराच्या चढउतारांवरचं 8 वं आणि सुरक्षिततेच्या अंतरावरचं (अंदाज चुकला तरी तोटा होऊ नये म्हणून मूल्यापेक्षा कमी किमतीत घेणं) 20 वं प्रकरण वाचा. मग चौथं: शेअरमधला हिस्सा 25 टक्क्यांखाली नको आणि 75 च्या वरही नको, उरलेलं रोख्यांत. तुमचा आकडा ठरवा आणि वर्षातून एकदा तारीख लावून तो पुन्हा जुळवा.

दोन पुस्तकं जपून वाचावीत. 'रिच डॅड पुअर डॅड' (1997) मधली खिशात पैसे आणणारं आणि खिशातून नेणारं ही विभागणी उत्तम आहे. पण कर्ज काढून घरं घ्यायची आणि भाड्यावर हप्ते फेडायचे, हे इथे बसत नाही. 80 लाखांच्या फ्लॅटला 20,000 भाडं मिळालं तरी वर्षाचे 3 टक्केच होतात, त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च जातो आणि कर्जाचं व्याज त्याहून बरंच जास्त असतं. 'द मिलियनेअर नेक्स्ट डोअर' (1996) मध्ये वय गुणिले वार्षिक उत्पन्न भागिले 10, इतकी संपत्ती असावी असं सूत्र आहे. पस्तिशीत 12 लाख उत्पन्न असेल तर 42 लाख. वडिलोपार्जित जमीन यात धरायची नाही. पंचविशीच्या आतल्यांनी हे सूत्र लावूच नये, आकडा अवास्तव येतो.

लवकर निवृत्तीच्या पुस्तकांत साठवलेल्या रकमेतून दरवर्षी 4 टक्के काढण्याचा नियम भेटेल. तो 1994 चा, अमेरिकी आकड्यांवरचा आणि 30 वर्षांच्या निवृत्तीसाठीचा आहे. आपल्या महागाईत 3 टक्के धरून, म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या 33 पट रकमेचा हिशोब करणं जास्त शहाणपणाचं.

पुस्तकाच्या शेवटी एखाद्या ग्रुपचा क्यूआर कोड आणि कोर्सची फी छापलेली असेल, तर पैसे भरण्याआधी त्या व्यक्तीचा नोंदणी क्रमांक सेबीच्या (शेअर बाजाराची नियामक संस्था) संकेतस्थळावर तपासा. गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए (INA) ने सुरू होतो आणि रिसर्च ॲनालिस्टचा (शेअरचा अभ्यास करून शिफारस देणारा) आयएनएच (INH) ने.