जुन्या मिडीयम फॉरमॅट कॅमेऱ्याला डिजिटल बॅक घ्यायचीय? आधी बॉडी बघा, मेगापिक्सेल नंतर

जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, कुठेही जा, जुना स्टुडिओ असेल तर कपाटात एखादा मिडीयम फॉरमॅट (१२० च्या रुंद फिल्मचा) कॅमेरा सापडतोच, आबांनी नाहीतर नानांनी घेतलेला, लेदरच्या डब्यात, सोबत बुरशी धरलेली एखादी लेन्स. आणि आता पुढची पिढी विचारते की ह्याला डिजिटल बॅक, म्हणजे फिल्मच्या जागी मागे लावायचा सेन्सरचा डबा, लागेल का हो. तर लागेल की नाही हे कॅमेऱ्यावर आहे, कोणती लागेल हे तुम्ही काय शूट करता आणि कधी करता त्यावर आहे. पण बहुतेक जण सुरुवातच मेगापिक्सेलपासून करतात आणि मग दोन-चार लाखाची वस्तू घरात येऊन पडते जी आपल्या बॉडीला बसतच नाही.

पहिलं काम फुकटचं आहे. कॅमेरा हातात घ्या आणि बघा की डार्कस्लाइड (फिल्मवर उजेड पडू नये म्हणून घालायची पातळ पट्टी) घालून मागचं फिल्म मॅगझिन, म्हणजे फिल्मचा डबा, अख्खंच्या अख्खं सुटं निघतं का. नुसतं मागचं झाकण उघडत असेल तर विषय तिथंच संपला. याशिका मॅट १२४जी, रोलायफ्लेक्स, सीगल, मामिया सी३३०, हे सगळे दोन डोळ्यांचे कॅमेरे ह्यातच आले, आणि आपल्याकडे लग्नाला हेच जास्त चालायचे त्यामुळे वाईट वाटतं पण इलाज नाही. पेंटॅक्स ६७ पण नाही. मामिया एम६४५ आणि १०००एसमध्ये आत सरकवायचा इन्सर्ट असतो, मॅगझिन नसतं, म्हणून तेही नाही, मामियाच्या ६४५ मध्ये बॅकचा खरा मार्ग सुरू होतो तो ६४५ एएफडीपासून पुढे. ब्रोनिकाचं मॅगझिन निघतं हो, पण तिच्या बॅक शोधत बसलात तर आखाजीचा सण जाऊन श्रावणातली कानबाई येईल, सोडून द्या.

ज्यांच्याकडे हॅसलब्लाडची व्ही सिरीज आहे, म्हणजे ५००सी, ५००सी/एम, ५०१सीएम, ५०३सीडब्ल्यू वगैरे, ते नशीबवान. १९५७ मध्ये ५००सी आला तेव्हापासून मागची जोडणी तीच ठेवलीय, त्यामुळे त्या काळातल्या बॉडीवर २०२४ ला आलेली हॅसलब्लाडचीच बॅक, सीएफव्ही १००सी, पण बसते. त्याआधीचे १६००एफ, १०००एफ मात्र ह्यात धरू नका, नाव हॅसलब्लाड असलं तरी ती घडण वेगळी आहे. मामिया आरबी६७ ला पण जमतं, पण मध्ये एक ॲडाप्टर प्लेट लागते, वायर लागते, आणि अडीच किलोच्या पुढचं धूड ट्रायपॉडवरून हलत नाही. स्टुडिओतल्या पोर्ट्रेटला ठीक, बाकी कशाला नाही. आरझेड६७ ला पण प्लेट लावून ६४५ एएफडी माउंटच्या, म्हणजे त्या जोडणीच्या, बॅक चालवतात.

इथंच एक महत्त्वाची गोष्ट, सेकंडहँड बाजारात नुसतं "फेज वन पी२५ आहे" (फेज वन ही बॅक बनवणारी कंपनी) असं ऐकून ॲडव्हान्स देऊ नका. तीच पी२५ हॅसलब्लाड व्हीसाठी वेगळी येते, हॅसलब्लाडच्याच एच सिरीजसाठी वेगळी, मामियासाठी वेगळी. बॅक तीच, माउंट वेगळा, आणि माउंट नंतर बदलणं म्हणजे घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसण्याचं काम नाही. विकणाऱ्याला बॅकच्या पुढच्या बाजूचा फोटो मागा आणि तो आपल्या मॅगझिनच्या तोंडाशी लावून बघा.

आता बॅकला कळतं कसं की शटर उघडलं? हॅसलब्लाडच्या स्वतःच्या सीएफव्ही बॅक ५०० सिरीजच्या बॉडीकडूनच यांत्रिक इशारा घेतात, वायर नाही काही नाही, मॅगझिन लावल्यासारखी लावा आणि क्लिक करा. फेज वन आणि लीफ ह्या दुसऱ्या कंपनीच्या बऱ्याच बॅकना लेन्सच्या फ्लॅश सॉकेटमधून बॅकपर्यंत सिंक वायर ओढावी लागते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ती वायर लेन्सवरून लोंबकळत असते, लग्नाच्या गर्दीत कोणाच्या तरी बांगडीत अडकते, आणि सॉकेट तिनंच अडवल्यावर फ्लॅश कुठून द्यायचा हा प्रश्न उरतोच. म्हणून बॅक घेताना वायर सोबत आहे का, चालू आहे का, फ्लॅशचं आउटपुट बॅकवर आहे का, हे तिन्ही विचारून घ्या. जुन्या बॅकची वायर वेगळी शोधायला गेलं की डोक्याला ताप होतो.

अजून एक, ५०० बॉडीच्या मागे दोन पडदे असतात, बटण दाबून धरलं तोपर्यंतच ते उघडे राहतात. स्लो स्पीडला, एक-अष्टमांशच्या खाली, शटरचा आवाज पूर्ण होईपर्यंत बोट सोडायचं नाही नाहीतर पडदे मधेच बंद होतात आणि फ्रेम कापली जाते, आणि दोष बॅकला देत बसाल.

सेन्सरचा साइज. फिल्मची चौकट होती ५६ बाय ५६ मिलिमीटर, एवढा सेन्सर बाजारात सहसा मिळणाऱ्या बॅकमध्ये नाही. ३७ बाय ३७ चा चौकोनी (जुनी १६ मेगापिक्सेलची सीएफव्ही, फेज वन पी२०), ४९ बाय ३७ (पी२५, पी४५, सीएफव्ही-३९), ४४ बाय ३३ (सीएफव्ही-५०सी, सीएफव्ही २ ५०सी, १००सी), आणि मोठ्यात ५४ बाय ४० (पी६५ प्लस, आयक्यू१८०). ह्याचा अर्थ सरळ आहे, लेन्स लांब झाल्यासारखी वागते. रुंदीच्या हिशोबानं तुमची ८० ची नॉर्मल लेन्स ४४ च्या सेन्सरवर १०० सारखी दिसेल, ३७ वर १२० सारखी. पोर्ट्रेटवाल्याला हे उलट बरंच. पण हळदीला अंगणात पन्नास माणसांचा ग्रुप घ्यायचा असेल तर ५० ची डिस्टागॉन (वाइड लेन्स) ६४ झाली म्हणजे पाठीमागं सरकायला जागा पाहिजे, आणि जुन्या वाड्यात ती नसते. ४० मिलिमीटरची लेन्स महाग आणि जड. आरबीवर तर अजून कठीण, तिथं फिल्म ७० मिलिमीटर रुंद होती, ९० ची लेन्स ४४ च्या सेन्सरवर १४० च्या पुढं जाते.

चौकोनी सेन्सरचं एक सुख आहे जे कागदावर दिसत नाही. व्ही कॅमेऱ्यात वरून खाली बघायचं असतं, कॅमेरा आडवा करून उभा फोटो घ्यायचा म्हणजे मान मोडते. ३७ बाय ३७ मध्ये तो प्रश्नच नाही, आडवा-उभा नंतर कापा. १६ मेगापिक्सेल म्हणून लोक नाक मुरडतात, पण १२ बाय १२ च्या अल्बमला ते भरपूर झालं. कोणतीही बॅक घेतली तरी ग्राउंड ग्लासवर (वरून बघायच्या काचेवर) सेन्सरच्या मापाच्या रेघा असलेला मास्क टाकून घ्या, नाहीतर वरातीतला नवरदेव डोळ्याला आख्खा दिसतो आणि फोटोत फेटा अर्धा.

आता आपल्याकडचा खरा मुद्दा, उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो आणि लग्नसराई नेमकी तेव्हाच. जुन्या बॅक सगळ्या सीसीडी ह्या जुन्या प्रकारच्या सेन्सरच्या, आणि सेन्सर तापला की काही न शूट करता पण त्यात नॉइज (फोटोतले दाणे) साठत जातो, साधारण सहा-आठ डिग्री वाढली की त्यामागचा डार्क करंट (उजेड नसताना सेन्सरमध्ये वाहणारा करंट) दुप्पट होतो. बऱ्याच जुन्या बॅकच्या कागदावर कामाचं तापमान ४० डिग्रीपर्यंतच लिहिलेलं असतं, म्हणजे दुपारी बाराच्या मुहूर्ताला तुम्ही कागदाच्या बाहेरच आहात. बॅक गाडीत ठेवायची नाही, दोन शॉटच्या मध्ये पांढरं उपरणं टाकायचं, चालू करून उगाच हातात धरून फिरायचं नाही.

सीसीडीचा रंग मस्त असतो असं म्हणतात, आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ५०-१०० ला, फ्लॅशच्या उजेडात, खरंच मस्त असतो. पण ४०० च्या पुढं ओढलं की सावल्यांमध्ये रांगोळी दिसायला लागते. मंगल कार्यालयात ट्यूबलाइटच्या उजेडात फ्लॅशशिवाय काम करायचं, किंवा अजिंठ्याला जायचं जिथं फ्लॅश चालत नाही आणि ट्रायपॉडला परवानगी लागते, तर सीसीडीचं नाव काढू नका. तिथं सीमॉस, म्हणजे नव्या प्रकारचा सेन्सरच पाहिजे. ५० मेगापिक्सेलचा सीमॉस सेन्सर बॅकमध्ये २०१४ ला आला, फेज वन आयक्यू२५० आणि हॅसलब्लाड सीएफव्ही-५०सी मध्ये, आणि आयएसओ ६४०० पर्यंतचा रस्ता उघडला. शिवाय लाइव्ह व्ह्यू नीट चालतो. फक्त व्ही बॉडीवर लाइव्ह व्ह्यू बघायचा तर नुसता आरसा वर करून भागत नाही कारण लेन्सचं शटर बंदच असतं, शटर बी वर (दाबून धरलं तोवर उघडं) ठेवून केबल रिलीज लॉक करावी लागते.

उलट ज्याला टेबलावर वस्तू मांडून शांतपणे काम करायचंय, दागिने, मसाल्याची पाकिटं, केळीच्या वेफर्सची जाहिरात, त्यानं सीसीडीच घ्यावी, पैसे वाचतील. आपल्या चाळीसगावच्या केकी मूस यांनी वर्षानुवर्षं घराबाहेर न पडता टेबलटॉप फोटोग्राफी केली, त्या पद्धतीच्या कामाला आयएसओ ५० आणि एक ट्रायपॉड पुरतो, तिथं लाखभर जास्त मोजून हाय आयएसओ घेण्यात काय अर्थ.

कापड शूट करणाऱ्यांनी मात्र सावध. ह्या बॅकवर सहसा अँटी-अलायझिंग फिल्टर नसतो, त्यामुळे बारीक विणीच्या साडीवर, सुटाच्या कापडावर इंद्रधनुष्यासारखे पट्टे उठतात, मोआरे म्हणतात त्याला. पी२५ सारख्या मोठ्या पिक्सेलवाल्या बॅकवर जास्त. दोन पावलं पुढं-मागं व्हा, कोन बदला, किंवा एफ/१६ पर्यंत बंद करा, आणि उरलेलं सॉफ्टवेअरमध्ये. बॅक ट्राय करायला जाताना घरातली एखादी बारीक चौकड्याची साडी बरोबर न्या, दुकानदार हसला तर हसू द्या.

फोकसबद्दल थोडं कडू बोलतो. फिल्म थोडी वाकलेली असायची, आपण १०० टक्के झूम करून बघत नव्हतो, सगळं खपून जायचं. सेन्सर एकदम सपाट, आणि ३९-५० मेगापिक्सेलवर बॉडीतला जुना बिघाड सगळा उघडा पडतो. आरशाखालचा फोम विरलेला असतो, स्क्रीन कोणीतरी साफ करताना उलटी बसवलेली असते, आणि मग डोळ्यावर फोकस केला की कान शार्प येतो. टेबलावर पट्टी तिरकी ठेवा, ८० ची लेन्स एफ/२.८ ला उघडा, १० च्या आकड्यावर फोकस करा, दहा-बारा फ्रेम घ्या, प्रत्येक वेळी फोकस हलवून पुन्हा लावा. दर वेळी एकाच बाजूला चुकत असेल तर बॉडी दुरुस्तीला टाका आधी. हा खर्च बॅकच्या बजेटमध्येच धरा, लेन्सच्या शटरची सर्व्हिसिंग पण, जुन्या सी लेन्सचं कॉम्पूर शटर स्लो स्पीडला चिकटलेलं असतं बऱ्याचदा.

सेकंडहँड बॅक तपासताना: करड्या भिंतीचा एफ/१६ ला फोटो काढा, थोडा आउट ऑफ फोकस. मधोमध उभी रेघ दिसून डावी-उजवी बाजू वेगळ्या शेडची वाटली तर सेन्सरचं कॅलिब्रेशन गेलंय. मग बॅक वीसेक मिनिटं चालू ठेवून लेन्सला झाकण लावून लांब एक्स्पोजर घ्या, उभ्या रेघा, भडक ठिपके मोजा. एकूण किती शॉट झालेत ते मेनूत मिळालं तर बघा. जुन्या बॅकना सीएफ कार्ड लागतं आणि फार मोठं कार्ड काहींना ओळखत नाही, छोटं जुनं कार्ड बरोबर ठेवा. लॅपटॉपला जोडून काम करणार असाल तर लक्षात घ्या, त्या काळच्या फेज वनला फायरवायर आहे आणि तो पोर्ट नव्या लॅपटॉपवर नाही. बॅटरीच्या बाबतीत जुन्या सीएफव्ही, म्हणजे १६, ३९, ५० आणि ५०सी, ह्यांना सोनीची एनपी-एफ लागते, तीच जी व्हिडिओवाले एलईडी लाइटला लावतात, जळगावात सहज मिळेल. सीएफव्ही २ पासून बॅटरी आत बसते, लोंबकळत नाही, दिसायला पण छान, पण ती एनपी-एफ नाही.

सॉफ्टवेअर म्हणाल तर फेज वन आणि लीफसाठी कॅप्चर वन, हॅसलब्लाडसाठी फोकस (Phocus) नावाचं त्यांचंच सॉफ्टवेअर, जे फुकट आहे. लाइटरूम दोन्हीकडे चालतं. १०० मेगापिक्सेलची एकेक रॉ फाइल दोनशे एमबीच्या आसपास, एका लग्नाचा हिशोब तुम्हीच करा.

आणि पैशाचं. सीएफव्ही १००सी बाहेर ९०७एक्स बॉडीसकट ८,१९९ डॉलरला जाहीर झाली होती, इथं कस्टम, जीएसटी धरून काय होतं ते वेगळं सांगायला नको. त्या पैशात, किंवा खूप कमी पैशात, सेकंडहँड फुजी जीएफएक्स ५०आर घेऊन हॅसलब्लाडच्याच लेन्स ॲडाप्टरनं लावता येतात, सेन्सर ४४ बाय ३३ चाच, फक्त फ्लॅश सिंक १/१२५ वर अडकतो जिथं लेन्सच्या शटरवर १/५०० पर्यंत मिळत होता. उन्हात फ्लॅश भरणाऱ्याला हा फरक मोठा आहे, बाकीच्यांना नाही. आणि वर्षाकाठी चार रोल काढणार असाल तर बॅक घेऊच नका भो, १२० चा रोल टाका, डेव्हलप करून आणा आणि मॅक्रो लेन्स लावून डीएसएलआरनं स्कॅन करा.

घ्यायचीच ठरली तर माझं मत, लग्न-पोर्ट्रेट मिसळून करणाऱ्यानं ५००सी/एम आणि सेकंडहँड सीएफव्ही-५०सी किंवा जमलं तर सीएफव्ही २, टेबलटॉपवाल्यानं १६ ची सीएफव्ही किंवा व्ही माउंटची पी२५. व्यवहार करताना आठ दिवस वापरून परत द्यायची अट लेखी घ्या, कारण हे रिपेअर करणारं आपल्याकडे कोणी नाही, किमान मुंबई गाठावी लागते, आणि ते आठ दिवस एसीत बसून घालवू नका, एक दिवस तरी दुपारी उन्हात काढा.