डॅशबोर्ड उघडण्याआधी

जुनी ऑल्टो, वॅगनआर किंवा सँट्रो, त्यातही बेस मॉडेल असेल, तर गाण्यांची सोय बहुधा नसते, किंवा असली तरी नावापुरती. ती स्वतःच्या हाताने करायची ठरवली असेल, तर पुण्यात नाना पेठ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोड गाठण्याआधी वही, मोजपट्टी आणि मल्टिमीटर घेऊन तासभर गाडीत बसा. खरेदी सगळ्यात शेवटी. आणि खर्चाचा ओघ स्क्रीनकडे नको, दारांकडे आणि वायरींकडे असू द्या. आवाज तिथे घडतो आणि आग लागलीच तर तीही तिथूनच लागते.

पहिलं माप डॅशबोर्डमधल्या खाचेचं. खाच दोन ठरलेल्या मापांत येते: सिंगल डिन म्हणजे साधारण १८० बाय ५० मिलिमीटर, डबल डिन म्हणजे तेवढीच रुंदी आणि १०० मिलिमीटर उंची. खोलीही मोजा, कारण डेकच्या, म्हणजे गाणी वाजवणाऱ्या मुख्य यंत्राच्या, मागे कपलर (वायरी जोडणारा प्लग) आणि वायरींचा जुडगा मावावा लागतो. नऊ इंची स्क्रीन घ्यायची असेल तर तुमच्याच मॉडेलची, तुमच्याच वर्षाची फ्रेम मिळते का, हे आधी विचारा. फ्रेम नाही म्हणून डॅशबोर्ड कापणारे कारागीर भेटतात. तो सौदा करू नका.

दुसरं माप दारातलं. स्पीकरचं भोक किती इंची आहे ते तर पाहाच, पण काच पूर्ण खाली करून मग आतली खोली मोजा. काच वर असताना भरपूर जागा दिसते आणि बसवल्यावर पहिल्याच टोलनाक्याला काच स्पीकरच्या मागच्या मॅग्नेटवर जाऊन आदळते. स्पीकरच्या माहितीपत्रकात बसवण्याची खोली दिलेली असते. ती तुमच्या मापापेक्षा थोडी तरी कमी हवी.

आता वॅटचा हिशेब, कारण खोक्यावर मोठ्या अक्षरात '५० वॅट गुणिले ४' लिहिलेलं असतं. त्याच डेकच्या पाठीमागचा फ्यूज पाहा. तो १० अँपिअरचा असेल तर १४ व्होल्टला फार तर १४० वॅट आत जाणार आणि त्यातले बरेच उष्णतेत जाणार. मग सतत २०० वॅट बाहेर येतील कुठून? आरएमएस नावाचा आकडा शोधा, सतत मिळणारी खरी ताकद तो सांगतो. चांगल्या डेकमध्येही तो चॅनेलमागे, म्हणजे एका स्पीकरमागे, वीसेक वॅटच असतो आणि छोट्या गाडीला तो पुरतो. स्पीकर निवडताना वॅटपेक्षा सेन्सिटिव्हिटी पाहा, म्हणजे ठरावीक ताकदीत तो किती मोठा वाजतो ते. ८८ डेसिबलऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर घेतला, तर तेवढ्याच आवाजाला निम्मी ताकद लागते. माझं स्पष्ट मत आहे की पैसे मोजके असतील तर पुढच्या दोन दारांतच चांगले स्पीकर घाला आणि मागची फळी रिकामी ठेवा. गाणं समोरून यावं. मागच्या फळीवरचे सहा बाय नऊचे जड स्पीकर जोरात ब्रेक लागला की मागे बसलेल्यांच्या डोक्याच्या दिशेने येतात, हेही लक्षात असू द्या.

ॲम्प्लिफायर घालायचा असेल तर कागदावर करंट काढा. चार चॅनेल, प्रत्येकी ५० वॅट आरएमएस म्हणजे २०० वॅट. क्लास एबी या जुन्या, वीज जास्त खाणाऱ्या जातीचा असेल तर तेवढे द्यायला तो सव्वातीनशे वॅट ओढतो, म्हणजे २५ अँपिअरच्या आसपास. त्याला आठ गेजची, म्हणजे सुमारे ८.४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. स्वस्त किटमधली वायर जाड दिसते ती वरच्या प्लॅस्टिकमुळे, आणि आत बऱ्याचदा तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम असतं. एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर परत करा. फ्यूज ३० अँपिअरचा आणि तो बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत. ॲम्प्लिफायरजवळच्या फ्यूजवर भिस्त ठेवू नका. बोनेटपासून डिकीपर्यंतची वायर कुठे पत्र्याला घासून उघडी पडली, तर ती वाचवणारा फ्यूज बॅटरीपाशीच असावा लागतो. इंजिनकडून केबिनमध्ये वायर आणताना भोकातल्या रबरी ग्रोमेटमधूनच (कडीमधूनच) आणा, पत्र्याच्या कडेवरून कधीच नाही. भोक पाडायचंच झालं तर पलीकडे ब्रेकचा पाइप किंवा पेट्रोलची टाकी नाही ना, हे खाली वाकून पाहून घ्या.

अर्थिंगची वायरही तेवढ्याच जाडीची आणि शक्य तितकी आखूड. पत्र्याचा रंग खरवडून, वायरीच्या टोकाला थिंबल (धातूची कडी) लावून, बोल्टने घट्ट. सीटबेल्टचा बोल्ट मात्र त्यासाठी वापरायचा नाही. पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने न्या आणि डेककडून ॲम्प्लिफायरला गाणं नेणारी आरसीए केबल दुसऱ्या बाजूने, नाहीतर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी गाण्यात ऐकू येते.

गाडीचं मूळ वायरिंग कापू नका. मारुतीचं कपलर वेगळं, ह्युंदाईचं वेगळं, आणि दोन्ही बाजारात सहज मिळतात.  डेकच्या बाजूला सहसा पिवळी वायर बॅटरीची, लाल चावीची, काळी अर्थची. पांढरी जोडी पुढे डावीकडे, करडी पुढे उजवीकडे, हिरवी मागे डावीकडे, जांभळी मागे उजवीकडे. गाडीच्या बाजूच्या रंगांवर विश्वास नको, मल्टिमीटर लावा. चावी काढल्यावरही १२ व्होल्ट दाखवते ती पिवळीला, चावी फिरवल्यावरच दाखवते ती लालला. ही अदलाबदल झाली की गाडी बंद केल्यावर सगळं सेटिंग पुसलं जातं. जोड क्रिम्प करून (दाबून) किंवा सोल्डर करून वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, घाला. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डमध्ये चिकटपट्टीचा डिंक वितळून सुटतो.

दारांसाठी पूर्ण रविवार राखून ठेवा, तोही पावसाळ्याआधीचा. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आत उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं, दाराची रचनाच तशी असते. ट्रिमच्या, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणाच्या, मागचं प्लॅस्टिक हे पाणी केबिनकडे येऊ देत नाही. ते फाडू नका, सोडवून बाजूला करा आणि ब्युटाइलच्या (चिकट रबराच्या) पट्टीने पुन्हा चिकटवा. आतल्या पत्र्याला डॅम्पिंग शीट लावल्याने पत्र्याची थरथर थांबते आणि साध्या स्पीकरचाही बेस भरतो. एवढ्या पैशांत इतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. पण खालची भोकं त्या शीटखाली बुजली तर दोन पावसाळ्यांत दार गंजेल. कोकणात राहणाऱ्यांनी स्पीकरवर पावसाची टोपीही बसवावी. ट्रिम उघडायला प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि आठ-दहा जादा क्लिपा जवळ असू द्या, कारण जुन्या क्लिपा तुटतातच.

कामाच्या दिवशी पहिला हात १० च्या पान्याला आणि पहिली सुटायची ती बॅटरीची निगेटिव्ह. एअरबॅग असेल तर नंतर दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि पिवळ्या आवरणातल्या कपलरना हात लावू नका. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो घ्या.

ट्रिम बंद करण्याआधी तपासणी. कोणती जोडी कोणत्या स्पीकरची, हे डेकपासून सुटलेल्या टोकाला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवून कळतं. प्लसला प्लस लागला की स्पीकरचा कोन, म्हणजे समोरचा पडदा, बाहेर येतो. एखादा आत गेला तर त्याची जोडणी उलटी आहे आणि बेस पातळ होईल. मग बॅटरी जोडून बॅलन्स (डावं-उजवं) आणि फेडर (पुढचं-मागचं) फिरवत प्रत्येक कोपरा वेगळा ऐका. ॲम्प्लिफायरचा गेन, म्हणजे त्याच्यावरची आवाज वाढवायची कळ, शून्यावरून, डेकचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवून, हळूहळू वाढवा आणि आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्या. दारांतल्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे अगदी खोल बेसचं, काही पाठवू नका.

आठवडाभर गाडी चालवल्यावर बोनेट उघडून फ्यूजच्या घराला हात लावा, अर्थिंगचा बोल्ट पुन्हा आवळा. बराच वेळ वाजवूनही घर कोमटच लागलं पाहिजे; चटका बसला तर तिथला जोड ढिला आहे, तो नव्याने करा.