मेमूचं तिकीट मोबाईलवर काढताना

हिंगणघाटात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. तांब्याची तार, बेअरिंग, कपॅसिटर आणायला महिन्यातून चार-पाच फेऱ्या नागपूरच्या होतातच. त्यामुळे गावातलं कोणी पहिल्यांदा मोबाईलवर जनरल तिकीट काढायला निघालं की माझ्याकडे येतं. येताना डोक्यात कुणीतरी भरवून दिलेलं असतं, "काही नाही हो, ॲप घ्यायचं, बटन दाबायचं, तिकीट तयार." सांगणाऱ्याने बहुतेक स्टेशनचं नाव एकदाही चुकवलेलं नसतं. मी चुकवलेलं आहे.

ॲपचं काम एका ओळीचं. १ जुलै २०२५ला रेल्वेने रेलवन आणलं, तेच घ्या. पूर्वी यूटीएस (जनरल तिकिटाचं जुनं ॲप) किंवा आयआरसीटीसीचं खातं असेल तर तोच लॉगिन चालतो, नसेल तर नवीन नोंदणी घरी बसून, नेट चांगलं असताना करा. गाडी सिग्नलला दिसायला लागल्यावर ओटीपीची वाट पाहत उभे असलेले लोक मी दर आठवड्याला पाहतो.

त्यात आर-वॉलेट, म्हणजे रेल्वेचं मोबाईलमधलं पाकीट असतं. त्यात दोन-तीनशे रुपये टाकून ठेवा. त्यातून तिकीट काढलं की ३ टक्के फायदा होतो, पण मी ते त्यासाठी सांगत नाही. आपल्याकडच्या स्टेशनांवर नेटची एक काडी येते न येते, यूपीआयला मात्र ॲपमधून बाहेर जाऊन परत यावं लागतं. त्या जाण्यायेण्यातच पैसे कटतात आणि तिकीट दिसत नाही. तसं झालंच तर लगेच दुसरं काढू नका. आधी ॲपमध्ये काढलेल्या तिकिटांची यादी उघडून पाहा, पुष्कळदा तिकीट तिथे गुपचूप बसलेलं असतं.

आता खरी भानगड: कुठून आणि कुठे.

तीन वर्षांपूर्वी मी नागपूरहून परत येत होतो. हिंगणघाटला थांबणारी गाडी निघून गेली होती, म्हणून सेवाग्रामपर्यंत जाऊन तिथून पुढे एसटीने जायचं ठरवलं. हातात वायरचं बंडल, खांद्यावर पिशवी, एका अंगठ्याने टाइप करत होतो. इंग्रजीत एस-ई-जी टाकलं, वर जे पहिलं नाव आलं त्यावर टेकवलं, भाडं न पाहता पैसे भरले. तिकीट आलं शेगावचं. एसईजी म्हणजे शेगाव, सेवाग्रामचा कोड एसईजीएम. एका एमने मला अकोल्याच्या पुढे नेऊन ठेवलं. बिनकागदी, म्हणजे नुसतं मोबाईलवर दाखवायचं तिकीट रद्द होत नाही. वाटेत सेवाग्राम लागतं म्हणून प्रवास झाला, दंड नाही बसला, पण भाडं तिप्पट गेलं. घरी आल्यावर आई म्हणाली, "एवढे पैसे भरलेच होते तर जाऊन दर्शन तरी घेऊन यायचं होतं!"

म्हणून माझा पहिला हट्ट: नाव निवडल्यावर पैसे भरण्याच्या आधी भाड्याचा आकडा आणि किलोमीटर दोन्ही वाचा. नागपूर ते वर्धा साधारण ऐंशी किलोमीटर आहे. पडद्यावर तीनशेच्या आसपास दिसत असेल तर अंगठा थांबवा.

विदर्भात स्टेशनाचं नाव आणि गावाचं नाव यांची फारकत जागोजागी आहे. चंद्रपूरला दोन स्टेशनं आहेत. एक चंद्रपूर, ते वर्धा-बल्लारशा मार्गावर, मध्य रेल्वेचं. दुसरं चांदा फोर्ट, ते गोंदियाहून नागभीड, मूल करत बल्लारशाला जाणाऱ्या मार्गावर, दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं. शहर एकच, पण रूळ वेगळे. माझा भाचा चंद्रपूर स्टेशनावर उभा राहून चांदा फोर्टपासूनचं तिकीट काढून बसला, कारण त्याच्या कॉलेजच्या पोरांनी सांगितलं "चांदा टाक". टीसीने त्याला विनातिकीट धरलं. त्यात टीसीचं काही चुकलं नाही, त्या मार्गाचं तिकीट त्याच्याकडे नव्हतंच. कमीत कमी २५० रुपये दंड आणि वरून भाडं. पोरगा महिनाभर नागपूरला गेला नाही, मलाही तोंड दाखवलं नाही.

भंडाऱ्याला जायचं असेल तर ॲपमध्ये भंडारा रोड शोधावं लागतं, आणि ते स्टेशन आहे वरठीला. तिथून शहरात जायला पुन्हा ऑटो. तुमसर रोड देव्हाडीला. देसाईगंजचं स्टेशन वडसा नावाने आहे, ताईच्या सासरी पहिल्यांदा जाताना मी देसाईगंज टाइप करकरून थकलो होतो. अमरावती मुख्य मार्गावर नाहीच. मुंबई-नागपूर गाड्या बडनेऱ्यावरून निघून जातात, थोड्याच गाड्या अमरावतीत शिरतात. आणि आमच्या बाजूचा सगळ्यात जुना घोळ वर्ध्याचा. नागपूरहून हिंगणघाट, चंद्रपूरकडे जाणारी गाडी सेवाग्रामवरून वळते, वर्धा जंक्शनला जात नाही. वर्ध्यात उतरायचंय आणि बल्लारशाकडची गाडी पकडली, तर सेवाग्रामलाच उतरा आणि ऑटोने वर्ध्यात या. झोप लागली तर हिंगणघाटला माझ्या दुकानासमोर उठाल.

नागपूरही एक नाही. नागपूर, अजनी आणि इतवारी (आता नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी) ही तीन स्टेशनं तीन ठिकाणी आहेत. गोंदियाकडच्या कितीतरी पॅसेंजर आणि मेमू (कमी अंतराच्या विजेवरच्या गाड्या) इतवारीहून सुटतात. "नागपूरहून गोंदिया" म्हणून नागपूर स्टेशनच्या फलाटावर पोहे खात बसाल आणि तुमची गाडी तिकडे इतवारीहून निघून जाईल. गाडीच्या नंबरावरून ती कुठून सुटते ते एनटीईएसवर, म्हणजे रेल्वेच्या गाड्यांची माहिती देणाऱ्या ॲपवर, आधी बघा. तिकीट त्याच स्टेशनापासूनचं काढा.

दुसरं अवघड काम गाडीचा प्रकार निवडणं. ॲप विचारतं: साधारण, मेल-एक्सप्रेस की सुपरफास्ट? इथे लोक सगळ्यात स्वस्त ते दाबतात. साधारण तिकिटाचं कमीत कमी भाडं १० रुपये, मेल-एक्सप्रेसचं ३०. कोरोनानंतर पॅसेंजरलाही ३० मोजावे लागत होते, फेब्रुवारी २०२४मध्ये ते परत १०वर आलं. स्वस्त आहे म्हणून काढलेलं साधारण तिकीट एक्सप्रेसच्या जनरल डब्यात चालत नाही. तिथे फरक आणि दंड दोन्ही निघतात.

ओळखायचं कसं? गाडीच्या रंगावरून नाही, "लोकलसारखी दिसते" यावरूनही नाही. नंबरावरून. ५ने सुरू होणारा पाच आकडी नंबर म्हणजे पॅसेंजर, ६ने मेमू, ७ने डेमू (तशीच, पण डिझेलवरची), या तिन्हीला साधारण तिकीट. १२, २० किंवा २२ने सुरू झाला की सुपरफास्ट, जनरलला १५ रुपये अधिभार. ११, १७, १८ असले नंबर बहुधा नुसती मेल-एक्सप्रेस. उदाहरण घ्यायचं तर गोंदियापर्यंत जाणाऱ्या दोन गाड्या घ्या: महाराष्ट्र एक्सप्रेस ११०३९, तिला अधिभार नाही. विदर्भ एक्सप्रेस १२१०५, तिला आहे. रूळ तेच, वर्धा स्टेशन तेच, तिकीट वेगळं. नंबर ०ने सुरू होत असेल तर ती विशेष गाडी, तिचं भाडं खिडकीवर विचारूनच काढा. आणि कोणती गाडी आधी येईल याचाच भरवसा नसेल तर मी सरळ सुपरफास्टचं काढतो. वरचं तिकीट खालच्या गाडीत चालतं, खालचं वरच्या गाडीत नाही. थोडे पैसे जास्त जातात, डोक्याचा ताप वाचतो.

तिकीट काढायची जागा आणि वेळ यावरही एक आडवळण आहे. बिनकागदी तिकीट स्टेशनाच्या आत उभं राहून निघत नाही. टीसी दिसला की घाईने तिकीट काढू नये म्हणून ही मर्यादा आहे, आणि मला ती पटते. बाहेर चहाच्या टपरीपर्यंत या, लोकेशन चालू ठेवा, काढा. आधीच आत आला असाल तर तिकीट खिडकीजवळ क्यूआर कोड चिकटवलेला असतो, तो ॲपमधूनच स्कॅन करा, मग आतूनही निघतं. पूर्वी स्टेशनापासून फार लांबून काढता येत नसे. ती बाहेरची हद्द २०२४मध्ये उठली, आता गावातूनही निघतं. पण लवकर काढू नका. १९९ किलोमीटरपर्यंतच्या तिकिटावर तीन तासांच्या आत, किंवा त्या दिशेची पहिली गाडी सुटेपर्यंत, यातलं जे नंतर असेल तोवर प्रवास सुरू करायचा असतो. सकाळी अंथरुणात तिकीट काढायचं आणि मग फाट्यावर एसटीची वाट पाहत अकरा वाजवायचे, हे आमच्याकडे रोजचं. मी एसटीत बसल्यावर काढतो. दोनशे किलोमीटरच्या वरचं तिकीट खिडकीवर तीन दिवस आधीही मिळतं, तिथे ही घाई नाही.

छापील तिकिटाचा पर्याय ॲपमध्ये असतो. छोट्या स्टेशनावर छापायचं मशीन शोधत फिरण्यापेक्षा खिडकीवर जा.

गाडीत काही विशेष नाही. स्क्रीनशॉट चालत नाही, ज्या मोबाईलवर काढलं त्याच मोबाईलमधलं तिकीट ॲप उघडून दाखवायचं. नेट नसलं तरी दिसतं. बॅटरी संपली तर मात्र तुम्ही विनातिकीट, मग कितीही गयावया करा. एका तिकिटावर चार जण बसतात, पण ज्याच्याकडे मोबाईल आहे तो दुसऱ्या डब्यात चढला की बाकीचे तिघे गोत्यात.

अप-डाऊन करणाऱ्यांसाठी पास. दीडशे किलोमीटरपर्यंतच मिळतो, म्हणजे नागपूर-गोंदिया बसतं, नागपूर-बडनेरा बसत नाही. नवीन पास दुसऱ्या दिवसापासून लागू होतो, त्या दिवशीचं तिकीट वेगळं काढा. रिझर्व्हेशनच्या डब्यात पास चालत नाही, सुपरफास्टला वेगळा अधिभार. रोजचे अप-डाऊनवाले "बस रे, काही होत नाही" म्हणून स्लीपरमध्ये ओढतील. टीसी आला की तेच आधी उतरतात.

कार्डांबद्दल लोकांच्या डोक्यात एकच मोठी खिचडी आहे, एक कार्ड सगळीकडे चालेल अशी. चालत नाही. रेल्वेचं स्मार्ट कार्ड स्टेशनावरच्या तिकीट मशीनसाठी असतं, आणि ते मशीन आपल्या कितीशा स्टेशनांवर आहे? आर-वॉलेट असताना खेड्यातल्या माणसाने ते घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत. एसटीची गोष्ट निराळी. ७५ वर्षांवरच्यांना २०२२पासून राज्यात मोफत, ६५ ते ७५ला अर्धं तिकीट, बायकांना १७ मार्च २०२३पासून अर्धं. आधार जवळ ठेवा. पण आमच्या शेजारची आजी रेल्वेच्या खिडकीवरही "माहं फुकट हाय" म्हणून अडून बसते. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०मध्येच थांबवली, तिला पूर्ण तिकीट लागतं. तरी हिंगणघाट-सेवाग्रामसारख्या अंतराला मेमूचं पूर्ण तिकीटही खिशाला टोचत नाही.

नागपूरला उतरल्यावर मेट्रोचं महा कार्ड तेवढं घेण्यासारखं आहे, भाड्यात सवलत मिळते आणि रांग टळते. रेल्वे स्टेशनाच्या नावाचंच मेट्रो स्टेशन ॲक्वा लाइनवर आहे. खापरी किंवा ऑटोमोटिव्ह चौकाकडे जायचं तर सीताबर्डीला उतरून ऑरेंज लाइन धरायची. उतरल्यावर कार्ड टेकवून बाहेर पडायचं विसरू नका, मी एकदा पिशव्या सांभाळत दुसऱ्याच्या मागून तसाच निघालो आणि पुढच्या वेळी गेटच उघडेना.

परतीचं तिकीट मेट्रोने स्टेशनला यायच्या आधी, सीताबर्डीतच काढून घ्या. पिशव्या भरलेल्या असतात, स्टेशनात शिरल्यावर ॲप नाही म्हणतं, आणि क्यूआरसमोर आधीच दहा जण मोबाईल वर धरून उभे असतात.