कार्डावर मावणारी चकमक
खेळाडू पात्रं होऊन गोष्ट खेळतात असा रोल-प्लेइंग खेळ चालवताना मी प्रत्येक चकमक, म्हणजे शत्रूशी गाठ पडण्याचा प्रसंग, पोस्टकार्डाएवढ्या एका कार्डावर बसवतो. मावत नसेल तर ती ऐन खेळात मलाच झेपत नाही.

आधी राक्षस नाही, जागा ठरवा. समजा, अर्धा तुटलेला झुलता पूल. मग चार गॉब्लिन, म्हणजे छोटे राक्षस. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या २०१४ च्या नियमांत प्रत्येकाचे हिट पॉइंट (किती मार सोसेल) ७, आर्मर क्लास (वार लागणं किती अवघड) १५. कोपऱ्यात एवढं पुरतं.

खरी मेहनत पुढच्या ओळीवर घ्या: त्यांना हवंय काय? माझ्या गॉब्लिनांचा लाडका लांडगा पलीकडे अडकलाय. आता खेळाडू लढतील, सौदा करतील किंवा चक्क थापा मारतील.

दोघे पडले की बाकीचे पळतात, हेही लिहा; नाहीतर शेवटच्या गॉब्लिनमागे अर्धा तास जातो. (माझा गेलाय.) गावाचं नाव कोरं सोडा. खेळाडू पुलाकडे फिरकलेच नाहीत, तर तेच कार्ड पुढच्या मोहिमेत चालतं.