आउटबोर्ड इंजिनाचं नाव डीलरच्या हातात असतं: विक्री आणि सर्व्हिसमधल्या या चुका टाळा

मालवणात किंवा मांडव्याच्या जेट्टीवर बोटवाल्यांना विचारा, कुठलं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगायचं इंजिन घ्यावं? उत्तरात अश्वशक्ती क्वचितच येते. ‘याचं सामान मिळतं’, ‘त्यांचा मेकॅनिक फोन उचलतो’, ‘ते बंद पडलं की पंधरा दिवस बोट रेतीत’, अशीच उत्तरं मिळतात. यामाहा, सुझुकी, मर्क्युरी, होंडा, तोहात्सू यांची एकाच ताकदीची चार-स्ट्रोक इंजिनं आज एकमेकांच्या इतकी जवळ आली आहेत की पाण्यावर त्यांतला फरक गिऱ्हाइकाला फारसा जाणवत नाही. इंजिन बसवलं कुणी आणि बिघडल्यावर आलं कोण, हे मात्र त्याच्या पक्कं लक्षात राहतं. दोष डीलरचा असला तरी नाव निघतं ते इंजिनावरच्या स्टिकरचं.

खोकं उघडून इंजिन तसंच हवाली करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. इंजिन चांगलं आणि बोटही चांगली, पण दोन्हींचा मेळच बसवलेला नसतो.

सुरुवात ट्रान्समपासून करा. ट्रान्सम म्हणजे बोटीची मागची उभी फळी, जिच्यावर इंजिन टांगतात. तिची उंची मोजूनच 15, 20 किंवा 25 इंची शाफ्टचं इंजिन मागवायचं. इंजिन बसल्यावर पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरची आडवी पाती बोटीच्या तळाच्या रेषेत, फार तर इंचभर खाली यावी. ती वर राहिली तर वळताना पंखा हवा ओढतो आणि इंजिन नुसतं किंचाळतं. फार खाली गेली तर पाणी उडतं, वेग पडतो, पेट्रोल जास्त लागतं. मोठ्या इंजिनाचे बोल्ट ट्रान्समच्या आरपार जायला हवेत आणि प्रत्येक भोकात मरीन सीलंट हवं. घरगुती सिलिकॉन भरलं की वर्षा-दोन वर्षांत पाणी आतल्या प्लायवूडमध्ये शिरतं. पुढे ट्रान्सम हलायला लागला की लोक म्हणतात, ‘इंजिन फार थरथरतं.’

मग पंखा. खोक्यातून आलेला किंवा दुकानात पडून असलेला पंखा लावून मोकळं होणारे डीलर बरेच. चाचणी रिकाम्या बोटीवर होते आणि धंदा दहा प्रवाशांवर. चाचणी घ्यायची ती त्या बोटीच्या रोजच्या वजनासह. दहा माणसं मिळत नसतील तर 700 किलो वाळूची पोती चढवा. सपाट पाण्यात पूर्ण थ्रॉटल देऊन टॅकोमीटर (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे दाखवणारा मीटर) वाचा आणि आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतल्या पट्ट्याशी ताडून पाहा. पट्टा 5,000 ते 6,000 असेल आणि इंजिन 4,600 वरच अडत असेल, तर पंखा जड आहे. पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा जितकं पुढे सरकतो ते अंतर, एक इंच कमी केला की फेरे साधारण 150 ते 200 ने वाढतात, म्हणजे इथे दोन ते तीन इंच कमी पिचचा पंखा लागेल. तो न बदलता बोट दिली तर इंजिन रोज ओझ्याखाली कण्हत चालतं. कार्बन साचतो, तापमान चढतं, पेट्रोल जास्त जातं, शेवटी पिस्टन जातो. बोटवाला तोवर पाच जणांना सांगून बसलेला असतो की या कंपनीचं इंजिन नाजूक. डीलरकडे खपणाऱ्या प्रत्येक मॉडेलसाठी चाचणीपुरते तीन वेगवेगळ्या पिचचे पंखे हवेत, आणि मिळालेला आकडा हवालीच्या कागदावर लिहायला हवा. पुढे तक्रार आली की त्याच आकड्यापासून तपास सुरू करता येतो.

महिन्यांवर सर्व्हिस मोजणं

पहिली सर्व्हिस 20 तासांनी आणि पुढची दर 100 तासांनी किंवा वर्षाने, असं बहुतेक पुस्तिका सांगतात. हौशी मालक सुट्टीच्या दिवशी बोट काढतो, त्याला 100 तास भरायला वर्ष लागतं. तारकर्लीला पॅरासेलिंगची किंवा गोव्यात डॉल्फिन दाखवायची बोट दिवसाला पाच तास चालली तर 20 तास चार दिवसांत आणि 100 तास तीन आठवड्यांत संपतात. ‘एक महिन्यानं या’ असं सांगणारा डीलर त्या इंजिनाचं पहिलं तेल सातपट उशिरा बदलतो. पहिल्या तेलात नव्या भागांची झीज होऊन निघालेला धातूचा बारीक कीस असतो, म्हणून ते वेळेवर काढायचं असतं. तासांचा मीटर नसेल तर हवालीच्या दिवशीच बसवून द्या आणि चौथ्या दिवशी डीलरने स्वतः फोन करावा.

पहिल्या दहा तासांत इंजिन कसं चालवायचं हे मालकाला सांगून भागत नाही, ते सुकाणूवर बसणाऱ्या पोराला दाखवावं लागतं. पहिला तास मंद ते अर्ध्या वेगात, नंतर हळूहळू वाढवत, पूर्ण थ्रॉटल एका वेळी पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही. नेमकी मर्यादा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्या.

सामान ‘मागवतो’ म्हणणं

विकलेल्या इंजिनांच्या तासांवरून साठा काढता येतो. समजा तुमच्या भागात एकाच मॉडेलची 10 इंजिनं धंद्यावर आहेत आणि हंगामात प्रत्येक 500 तास चालतं. दर 100 तासांना ऑइल फिल्टर, म्हणजे 50. गिअर ऑइल तितक्याच वेळा बदलायचं आणि दर वेळी दोन स्क्रूंचे दोन नवे वॉशर, म्हणजे 100. खाडीच्या तोंडाशी रेती ओढली जाते, तिथे वॉटर पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं चाक) 200 तासांनी बदलणं शहाणपणाचं, म्हणून 20 किट तरी हवेत. अँनोडचे (इंजिनाऐवजी स्वतः गंजणाऱ्या धातूच्या तुकड्यांचे) 10 संच, थर्मोस्टॅट चार, दोन-तीन पंखे, कॉटर पिना डझनावारी. हा साठा ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुकानात असायला हवा. दिवाळीच्या सुट्टीत बोट बंद पडली आणि मुंबईहून किट यायला आठ दिवस लागले, तर बोटवाल्याचा महिनाभराचा नफा गेला. मग तो बाजारातलं नकली इम्पेलर घालतो, इंजिन तापतं, आणि बदनाम होतं मूळ नाव.

इंजिन तापल्याची तक्रार आली तर क्रमाने जा. इंजिन थंड करून मागून येणारी पाण्याची धार बारीक झाली असेल तर आधी त्या छिद्रात पातळ तार घाला, कारण बऱ्याचदा मीठ किंवा रेतीच अडकलेली असते. धार तरीही बारीक असेल तर पंप उघडा. इम्पेलरचं पातं तुटलेलं दिसलं तर नवं बसवून थांबू नका, तुटलेला तुकडा शोधून काढा. तो वरच्या जलमार्गात अडकून राहिला तर आठवड्याने तीच तक्रार परत येते, आणि दुसऱ्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाचा विश्वास तिसऱ्यांदा मिळत नाही. यानंतर थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात उघडतो का ते पाहा. गिअर ऑइल दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय. जुने वॉशर परत वापरले होते का हे आधी विचारा, सील नंतर.

पेट्रोलबद्दल गप्प राहणं

बऱ्याच आउटबोर्ड इंजिनांच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा 10 टक्के आहे आणि आपल्या पंपांवर आता 20 टक्क्यांचं पेट्रोल मिळतं. विकताना हा विषय टाळला की हमीच्या दाव्यात तोच समोर येतो. त्या मॉडेलबद्दल कंपनीचं म्हणणं लेखी मिळवा आणि गिऱ्हाइकाला द्या. प्रत्येक बोटीवर पाणी वेगळं करणारा 10 मायक्रॉनचा फिल्टर बसवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पाणी जास्त झालं की ते टाकीच्या तळाशी बसतं. पावसाळ्यात टाकी अर्धी भरून ठेवलेली बोट सप्टेंबरात सुरू होते आणि लगेच बंद पडते, त्याचं कारण सहसा हेच.

हमीची नोंद राहून जाणं

इंजिनाच्या ब्रॅकेटवरचा क्रमांक हवालीच्या दिवशीच कंपनीकडे चढवा. धंद्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इंजिनाची हमी हौशी वापरापेक्षा बरेचदा कमी मुदतीची असते. ते लपवून हौशी वापराची मुदत सांगितली की भांडण ठरलेलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी केलेली खरेदी वगळली असली, तरी स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात बसते. एका होडीवर घर चालवणारा माणूस ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, हे डीलरने धरून चालावं.

कंपनीच्या बाजूच्या चुका

महाराष्ट्राचा किनारा 700 किलोमीटरहून लांब आहे. एक डीलर मुंबईत आणि एक गोव्यात नेमला की मधल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गिऱ्हाइकाला वाली राहत नाही. तिथे मोठी शोरूम लागत नाही. प्रशिक्षित मेकॅनिक, इंजिनातला बिघाड संगणकावर वाचायची केबल आणि वरच्या यादीतलं सामान भरलेली एक गाडी पुरते. उलट एकाच बंदरावर दोन डीलर नेमले की ते सवलतीवर भांडतात, आणि ती सवलत चाचणी, सीलंट आणि पहिल्या सर्व्हिसमधूनच कापली जाते. विक्रीच्या आकड्यांवर खूश होऊन कंपनी हे पाहत नाही. कमिशनचा काही भाग हवालीचा कागद आणि 20 तासांच्या सर्व्हिसची नोंद आल्यावरच द्यावा.

इंजिनातच दोष असेल तर डीलरला एकटं सोडू नये. इव्हिनरूड या अमेरिकी आउटबोर्ड ब्रँडचं उदाहरण तिथल्या डीलरांना अजून टोचतं. 1990 च्या दशकाच्या अखेरीस फिश्ट इंधन-इंजेक्शनच्या इंजिनांनी त्रास दिला, तेव्हा संतापलेली गिऱ्हाइकं डीलरच्या दारात उभी राहिली. डिसेंबर 2000 मध्ये मूळ कंपनी ओएमसी दिवाळखोरीत गेली. 2001 मध्ये बोम्बार्डियरने ते नाव विकत घेतलं, ई-टेक इंजिनं आणली, आणि मे 2020 मध्ये इव्हिनरूडचं उत्पादन थांबलं. एकाच ब्रँडवर उभ्या असलेल्या दुकानांना दुसरं नाव शोधावं लागलं. म्हणून करार करताना, उत्पादन बंद झालं तर किती वर्षं सामान मिळेल आणि शिल्लक साठा कंपनी परत घेईल का, ही दोन कलमं डीलरने लिहून घ्यावीत.

पावसाळा वाया घालवणं

1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि जलक्रीडाही पावसाळाभर थांबते. जूनच्या पहिल्या आठवड्यात इंजिनं आणवून घ्या, गोड्या पाण्याने धुवा, प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून वहीत गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहा, आणि अर्ध्याहून जास्त झिजलेले अँनोड बदला. अँनोडवर रंग मारू नका, रंगवलेला अँनोड गंज स्वतःवर घेत नाही. मासेमारीची इंजिनं जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आणि पर्यटनाची ऑगस्ट संपायच्या आत परत पोचवा, प्रत्येकासोबत कोणते भाग बदलले याची सही केलेली यादी देऊन.