चादरीचा धागा दिसायला हवा असेल तर बॅटरी खाली आणा

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात मी वाढले. वडील मागावर होते. म्हणूनच एका दुकानासाठी मी काढलेला चादरीचा फोटो बघून गिऱ्हाइकानं "ही छापील आहे का?" असं विचारलं, ते मनाला फार लागलं. चूक माझ्याच उजेडाची होती. मोबाइलचा फ्लॅश समोरून पडला, धाग्याधाग्यांतली सावली पुसली गेली आणि विणलेली नक्षी सपाट झाली.

खडबडीतपणा हाताला चाचपून कळतो, फोटोत तो सावलीवरूनच कळतो. आज रात्रीच करून बघा. चादर टेबलावर ताणून पसरा. सुरकुती अजिबात नको, कारण आडव्या उजेडात बारीकशी सुरकुतीसुद्धा डोंगराएवढी दिसते. खोलीतले दिवे बंद करा. मोबाइल बरोबर वरून, चादरीला समांतर ठेवा. आता साधी बॅटरी टेबलाच्या कडेला इतकी खाली धरा की उजेड चादरीला घासत जाईल. दहा-पंधरा अंशांवर एकेक धागा उठून दिसतो. बॅटरी हळूहळू वर न्या, पंचेचाळीस अंशांपर्यंत निम्मी मजा गेलेली असते.

मग बॅटरी चादरीभोवती फिरवा. उजेडाला आडवे येणारे धागे उठतात, त्याच्याच दिशेनं जाणारे दबतात. त्यामुळे ताणा (उभे धागे) दाखवायचा की बाणा (आडवे धागे), हे तुमच्या हातात असतं. मला कोपऱ्यातून तिरका उजेड आवडतो, त्यात दोन्ही थोडे थोडे मिळतात. बॅटरी अगदी जवळ असेल तर एक कड पांढरी फटक पडते आणि दुसरी काळोखात जाते. दोन-तीन फूट मागे सरका. समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा केला तर सावल्या जरा मऊ होतात, पण तो फार जवळ आणलात की सगळं पुन्हा सपाट.

फोकससाठी मोबाइलच्या पडद्यावर धाग्यावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होतो. मग उजळपणा थोडा कमी करा. कॅमेरा असेल तर ट्रायपॉड, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १००, अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) एफ/८ आणि दोन सेकंदांचा टायमर.

नक्षीची खोली दाखवायची असेल तर कॅमेरा तिरका करा आणि अॅपर्चर एफ/२.८ पर्यंत उघडा. आता फक्त एक अरुंद पट्टी स्पष्ट राहते. ती कुठे पडू द्यायची, यावर सगळा फोटो अवलंबून असतो. जकार्ड (मागावरच नक्षी विणलेल्या) चादरीच्या उलट बाजूला रंगांची अदलाबदल झालेली असते. मी एक कोपरा दुमडते आणि त्या घडीच्या कडेवर फोकस ठेवते, म्हणजे सुलट-उलट दोन्ही रंग एकाच चौकटीत येतात. ही वीण बघून कुणी छापील म्हणणार नाही.

कडक भाकरीला बॅटरी नको. सकाळी खिडकीशी ताट ठेवा, उजेड भाकरीच्या मागून येऊ द्या, पापुद्रा आणि फोड आपोआप दिसतात.

भुईकोट किल्ल्याच्या काळ्या दगडाचं गणित मात्र वेगळं आहे. भर दुपारी फोटो काढू नका, असं सगळे सांगतात. उभ्या भिंतीसाठी मी उलटं सांगते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य माध्यान्हीला जवळपास डोक्यावर येतो आणि उजेड भिंतीला वरून खाली घासत उतरतो. टेबलावरच्या बॅटरीचंच काम इथे सूर्य करतो. दगडावरचा प्रत्येक टवका आणि सांध्यातली प्रत्येक फट ठसठशीत दिसते. सव्वाबारा ते साडेबारा ही वेळ धरा. कुठल्या दगडाचा फोटो घ्यायचा ते आधी ठरवून ठेवा, आणि फोन तोवर पिशवीत, सावलीत असू द्या. त्या उन्हात तो तापून बंद पडतो.