पॉवर स्टेअरिंगचं ऑइल गळतंय? या चुका टाळा

सकाळी गाडी काढली की मागे फरशीवर रुपयाएवढा लालसर डाग. बोनेट उघडून पॉवर स्टेअरिंगची बाटली बघावी, तर लेव्हल ‘मिन’च्या खाली. मग आपण काय करतो? ऑइल ओततो, झाकण लावतो आणि कामाला जातो. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. ही टॉप-अपची सवयच पुढे महागात पडते. स्टेअरिंग हलकं करणाऱ्या पंपाला वंगण मिळतं ते त्याच ऑइलमधून. लेव्हल खाली गेली की पंप हवा ओढतो, स्टेअरिंग वळवताना ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो, आणि तशीच गाडी दामटली तर आतली पाती आणि कडं घासून पंप बाद होतो. मुळात गळती असते एखाद्या क्लिपची, आणि खर्च होतो पंपाचा.

आधी एक खात्री करा. तुमच्या गाडीला हे ऑइल असतं का? स्विफ्ट, वॅगन आर अशा गाड्यांना इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग आहे, त्यात ऑइलच नाही. तिथे स्टेअरिंग जड झालं तर कारण वेगळं, इलाज वेगळा. बोलेरो, सुमो, जुनी स्कॉर्पिओ, जुनी इनोव्हा यांना मात्र पट्ट्यावर चालणारा पंप, ऑइलची बाटली आणि पाइप असं सगळं आहे. हा लेख त्यांच्यासाठी.

डाग कशाचा आहे हेही नीट बघा. रात्री गाडीखाली पांढरा कागद चिकटवलेला मोठा पुठ्ठा सरकवा आणि पुढच्या चाकांची जागा त्यावर पेनाने खूण करून ठेवा. सकाळी स्वच्छ पाणी दिसलं तर ते एसीचं, सोडून द्या. हिरवं किंवा गुलाबी, पाण्यासारखं पातळ आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. काळं, दाट असेल तर बहुधा इंजिन ऑइल. पॉवर स्टेअरिंगचं ऑइल बऱ्याच गाड्यांत लाल असतं, पण जुनं झालं की तपकिरी होतं आणि त्याला जळका वास येतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइलही लालच असतं, त्यामुळे रंगावर विसंबू नका. बाटलीतली लेव्हल उतरतेय का, ही खरी साक्ष.

थेंब पडतो तिथे गळत नसतं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती मी स्वतः पैसे मोजून शिकलोय. माझ्या डिझेल जीपला ड्रायव्हरच्या बाजूला, रॅकच्या, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या आडव्या दांड्याच्या खाली थेंब पडायचा. गॅरेजवाल्याने खाली वाकून बघितलं, रॅक ओला दिसला आणि ‘रॅकचं सील किट टाकावं लागेल’ म्हणून सांगितलं. टाकलं. दोन दिवस गाडी अडकली, पैसे गेले, आणि पुढच्याच आठवड्यात थेंब परत हजर. शेवटी एका रविवारी मी स्वतः बोनेट उघडून टॉर्च घेऊन बसलो. रिटर्नचा, म्हणजे ऑइल परत बाटलीत आणणारा पाइप बाटलीच्या खालच्या नळीवर बसतो, तिथे बोट फिरवलं तर बोट लाल. रबर कडक होऊन टोकाला भेगा पडल्या होत्या, क्लिप सैल होती. तिथून ऑइल पाइपाच्या अंगाने उतरत होतं, क्रॉस मेंबरवर (इंजिनखालच्या आडव्या पट्टीवर) पसरत होतं आणि दोन फूट लांब रॅकवरून ठिबकत होतं. रॅक बिचारा निर्दोष होता.

म्हणून आधी धुवा, मग शोधा. इंजिन थंड असताना पंप, पाइप, रॅक यांवर डिग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रावण) मारून ब्रशने साफ करा. अल्टरनेटरवर प्लास्टिकची पिशवी बांधा आणि प्रेशरचं पाणी वायरिंगवर मारू नका. चांगलं वाळू द्या. मग सगळ्या जोडांवर अंगाला लावायची पावडर भुरभुरा. पिशवी काढा, गाडी न्यूट्रलला घेऊन हँडब्रेक ओढा, इंजिन चालू करा आणि कुणाला तरी स्टेअरिंग सावकाश दोन्हीकडे फिरवायला सांगा. तुम्ही वरून खाली बघत या. पावडरीवर ओला ओघळ उमटेल. त्या ओघळाचं सगळ्यात वरचं टोक म्हणजे गळतीची जागा.

हे करताना पंखा आणि पट्टा फिरत असतो, सैल बाही नको. आणि चालू इंजिनवर प्रेशरच्या पाइपावर, म्हणजे पंपातून दाबाने ऑइल नेणाऱ्या पाइपावर, हात फिरवून गळती शोधू नका. बारीक छिद्रातून सुटलेली धार कातडी भेदून आत जाते. ती जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण तिला लगेच दवाखान्यातच न्यावं लागतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा.

जागा सापडली, आता काय?

रिटर्नचा पाइप असेल तर काम घरी होतं. हा कमी दाबाचा पाइप. बाटलीतलं ऑइल मोठ्या सिरिंजने काढून घ्या, खाली ट्रे ठेवा आणि पाइप काढा. पाइपाला ढील असेल तर कडक झालेलं टोक इंचभर कापून पुन्हा बसवता येतं, पण रबर सगळीकडे चिरलेलं असेल तर पाइपच बदला. पाण्याचा किंवा बागेचा पाइप लावायचा मोह टाळा. ऑइलला आणि उष्णतेला टिकणाराच रबरी पाइप हवा. क्लिप अगदी टोकाला नको, नळीच्या उंचवट्याच्या मागे बसवा. आवळताना रबर कापलं जाईल एवढा जोर लावू नका.

प्रेशरच्या पाइपाची गोष्ट वेगळी. टायरमध्ये साधारण २ बार हवा असते. स्टेअरिंग पूर्ण वळवून धरलं की या पाइपात ८० ते १०० बारच्या घरात दाब जातो. त्यावर एम-सील, ट्यूबची पट्टी, टेप असलं काहीही टिकत नाही. गळणारं ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर पेटू शकतं, हे लक्षात असू द्या. बँजो बोल्टपाशी (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टपाशी) गळत असेल तर दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे टाका. जुना वॉशर एकदा दाबला गेला की परत नीट बसत नाही, आणि मग लोक बोल्ट आवळत सुटतात, आटे जातात. पाइपच फुगला असेल तर नवा घ्या. नवा मिळत नसेल तर ट्रॅक्टर-जेसीबीचे होज (दाबाचे पाइप) टोकं दाबून बसवून, म्हणजे क्रिंप करून देणारी दुकानं असतात, आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरला तशी बरीच आहेत. तिथे जुना पाइप दाखवा आणि दाब व तापमान दोन्ही सांगूनच बनवून घ्या.

पुली आणि पट्ट्याच्या आसपास ऑइल उडालेलं असेल तर पंपाच्या शाफ्टचं सील गेलंय. रॅकच्या टोकाचं रबरी बूट (घडीचं आवरण) दाबल्यावर आत ऑइल हिंदकळत असेल तर रॅकचं सील. ही दोन्ही कामं चांगल्या मेकॅनिककडेच द्या. फक्त झाकणाभोवती ओलं असेल तर आधी लेव्हल बघा. ऑइल तापून फुगतं, म्हणून थंड इंजिनला ‘मॅक्स’च्या वर भरलेलं ऑइल झाकणातून बाहेर येतं.

ऑइलमध्ये चूक नको

घरात आहे म्हणून ब्रेक ऑइल ओतणारे मी पाहिलेत. ब्रेक ऑइलने या सिस्टिममधलं रबर फुगतं, मऊ पडतं, आणि सगळी सिलं एकदम जातात. चुकून ओतलं असेल तर इंजिन चालूच करू नका, आधी सगळं काढून टाका. बऱ्याच गाड्यांना डेक्स्रॉन एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चालतं, पण सगळ्यांना नाही. होंडाला तिचंच ऑइल लागतं, काही जर्मन गाड्यांना हिरवं. झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, तेवढंच घ्या. गळती थांबवणारं औषध बाटलीत मिळतं. ते सील थोडं फुगवतं, त्यामुळे झिरपणं काही दिवस कमी होईल, पण चिरलेला पाइप त्याने जुळत नाही.

काम झाल्यावर लगेच इंजिन चालू करू नका, आधी पाइपात अडकलेली हवा काढा. पुढची चाकं उचला, पण नुसत्या जॅकवर नाही, खाली घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) लावा आणि मागच्या चाकांना दगड. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवा. बाटली रिकामी होऊ देऊ नका, मध्येमध्ये भरत राहा. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून तेच पुन्हा करा. टोकाला स्टेअरिंग पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका. ऑइल दुधाळ, फेसाळ दिसलं तर आत अजून हवा आहे. इंजिन बंद करून तासभर थांबा आणि परत करा.

काढलेलं जुनं ऑइल गटारीत किंवा शेताच्या बांधावर नको, कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या. आणि पुठ्ठा आणखी आठवडाभर गाडीखाली ठेवा. क्रॉस मेंबरवर आधीच साचलेलं ऑइल एक-दोन रात्री ठिबकतं, त्याने घाबरून पुन्हा पाने हातात घेऊ नका. तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतरही ताजा लाल थेंब दिसला, तर पावडरीचा डबा परत काढा.